बनातीवरचा आषाढ

सुलतान बाजारात आषाढ आला हे मला आभाळाकडे बघून कळत नाही. समोरच्या तीन मजली दुकानावर लाल फलक चढतो, त्यावरून कळतं. आषाढ सेल. या महिन्यात इथले तेलुगू लोक लग्न काढत नाहीत, नव्या सुना माहेरी जातात, कापडाला गिऱ्हाईक राहत नाही. पूर्वी आम्ही दुकानदार हा महिना मुकाट्यानं काढायचो. पंखे पुसायचे, तागे उलगडून हवेला टाकायचे, शेजाऱ्याच्या चहावर दिवस ढकलायचा. आता सेल असतो. दोनावर एक फुकट. लोक रांगा लावून तयार शर्ट घेतात, गळपट्टीच्या आतला नंबर वाचतात आणि आपलं अंग त्या नंबरात कोंबतात. नाही बसलं तर दोष अंगाला देतात, शर्टाला नाही.

मी सेल लावत नाही. भाव करायचा असेल तर समोर बसा, तागा हातात घ्या, भांडा. छापील चिठ्ठीशी कोण भांडणार?

आषाढात दुकान रिकामं असायचं म्हणून तो माझा खेळण्याचा महिना. खेळ म्हणजे पत्ते नव्हेत, बुद्धिबळही नव्हे. बोटाच्या दोन पेरांएवढे शिपाई, शिशाचे किंवा प्लास्टिकचे, एकेक आपल्या हातानं रंगवलेला. सहा फूट बाय चार फुटांचं टेबल, त्यावर थर्माकोलच्या टेकड्या, काथ्याची झाडं. मूठभर फासे, एक टेप आणि नियमांचं जाड पुस्तक. दोघांनी समोरासमोर फौजा मांडायच्या आणि तीन-चार तास एकमेकांचा जीव खायचा. आमची सुमन याला बाहुल्या म्हणते. "बाजारात एवढा गुरकावतो माणूस, आणि घरी येऊन भिंग लावून बाहुल्यांच्या मिशा रंगवतो." मी मान वर करत नाही. मिशा रंगवताना हात हलून चालत नाही.

लोक विचारतात, मन रमवायला खेळता का? मन रमवायला टीव्ही आहे. मी जिंकायला खेळतो. समोरच्याचं तोंड उतरलेलं बघायला खेळतो. हे खोटं कशाला सांगू?

या खेळात मला कर्नलसाहेबांनी ओढलं. फौजेतून निवृत्त होऊन तिरमलगिरीला राहायचे, एकटेच, मोठ्या बंगल्यात. एका आषाढात माझ्या दुकानात आले आणि हिरवी बनात मागितली. बिलियर्डच्या टेबलावर असते तसलं जाड लोकरी कापड. हैदराबादेत ते मागणारा माणूस विरळा, आणि ठेवणारा दुकानदार त्याहून विरळा. मी ठेवायचो. मी कोपऱ्यातला तागा ओढला, हात पसरला आणि कात्री चालवली.

"टेप नहीं लगाया, मियाँ?"

"छे फूट होना बोले ना साब? छे फूट है. घर जाके नापो."

त्यांनी तिथंच नापला. खिशात त्यांच्या कायम टेप असे. सहा फूट, वर एक सूतही नाही. ते माझ्याकडे बघत राहिले, घोड्याकडे बघावं तसे. मग म्हणाले, "इतवार को घर आओ. तुमको एक तोप देता हूँ."

ही नजर मला कोणी दिलेली नाही. आमचे लोक भालकीकडचे, जमीन कोरडी, हैदराबादेत येऊन मी दुसऱ्याच्या पेढीवर वीस वर्षं तागे फाडले. मालक टेप लावू द्यायचा नाही, गिऱ्हाईक खोळंबतं म्हणायचा. कमी फाडलं तर गिऱ्हाईक शिव्या द्यायचं, जास्त फाडलं तर मालक. दोन्हींकडून शिव्या खाऊन खाऊन डोळ्यांत इंच बसले. पुढे स्वतःचं दुकान झालं, पण इंच तिथंच राहिले. रस्त्यानं जाताना समोरच्या माणसाचा खांदा किती, हे मला दिसतं. नको असलं तरी दिसतं.

आणि कर्नलसाहेबांच्या खेळाचे तेव्हाचे नियम असे होते की तोफ डागायची तर आधी आकडा बोलायचा. गोळा किती इंचांवर पडणार? बोललात की बोललात. मग टेप लावायचा आणि गोळा तिथंच पडणार, शत्रू तिथं असो वा नसो. घोडदळाचंही तसंच. आधी धाव जाहीर करायची, मग मोजायचं. अंतर तोकडं निघालं तर घोडे मैदानात उघडे, मरायला मोकळे. पहिल्याच रविवारी त्यांनी मला तोफेमागे उभं केलं. मी टेबलाकडे पाहिलं आणि म्हणालो, "इक्कीस." त्यांनी टेप लावला. एकवीस. त्यांचा सेनापती तिथंच उडाला. असे हसले ते, की व्हरांड्यातलं कुत्रं उठून बसलं.

त्यानंतरचे आषाढ मला वासानं आठवतात. शिपायांना रंगावर वॉर्निशचा फवारा मारावा लागतो, नाहीतर हाताळून रंग जातो. दमट हवेत तो मारायचा नसतो, हे मला कोण सांगणार? पहिल्याच वर्षी मी चाळीस शिपायांवर फवारा मारला आणि सकाळी बघतो तर सगळी तुकडी पांढरी, बुरशी चढल्यासारखी. दोन महिन्यांचं काम. मी डबा भिंतीवर आपटला. सुमननं खोबरेलाची बाटली आणून ठेवली आणि एका शिपायाला बोटानं तेल चोळलं. धुकं गेलं, लाल कोट परत दिसायला लागला. "केसाला चालतं ते याला का नाही चालणार?" एवढंच म्हणाली. त्या तुकडीला अजून खोबरेलाचा वास येतो. कर्नलसाहेब माझी फौज पेटीतून निघाली की नाक वर करायचे. "आ गई, मद्रास रेजिमेंट!"

बाहेर रविवारी बोनालूचे, म्हणजे इथल्या देवीच्या जत्रेचे, ढोल वाजत असायचे. डोक्यावर कडुलिंबानं सजवलेले घट घेतलेल्या बाया, पुढे हळद माखून आसूड फिरवणारा पोतराजू. आत आम्ही दोघं, मधे हिरवी बनात, आणि मी आकडे बोलतोय. अठरा. साडेतेवीस. तीस. ढोल थांबला की कळायचं संध्याकाळ झाली. मला आयुष्यात पहिल्यांदा असं वाटलं होतं की माझ्या पोट भरण्याच्या विद्येला पोट सोडूनही काही किंमत आहे.

मग पुण्याची मंडळी आली. कॉम्प्युटरवाली. माधापूरकडे काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, आणि त्यांच्याबरोबर कुकटपल्लीत फ्लॅट घेऊन ही माणसं. त्यांतला आठल्ये म्हणजे या लेखातला माझा शत्रू. कंपनीच्या कामानं परदेशी जायचा, येताना बॅग भरून शिपाई आणायचा. त्याला कर्नलसाहेबांचा पत्ता कुठून मिळाला, देव जाणे. वर्षभरात त्या बंगल्यात दोनाचे अकरा खेळाडू झाले, चार टेबलं झाली, आणि आषाढात स्पर्धा सुरू झाली. पहिल्या तीन स्पर्धा मी जिंकलो.

पहिल्या स्पर्धेनंतर आठल्ये मला म्हणाला, "जाधवसाहेब, तुमचं मराठी फार गोड आहे हो. ते 'हौ' आणि 'नक्को' ऐकायला मजा येते."

गोड. माझ्या बापाच्या बापानं निजामाच्या राज्यात जे मराठी टिकवलं, ते याला ऐकायला मजा येते. मी त्याला म्हणालो, "हौ. पुढच्या वर्षी पुन्हा हरायला या, पुन्हा ऐकवतो."

चौथ्या आषाढात नियमांचं नवं पुस्तक आलं. या कंपन्या दर चार-पाच वर्षांनी नवं पुस्तक काढतात, जुनं विकत घेतलेलं मोडीत जावं म्हणून. हा धंदा मला कळतो, त्याचा मला राग नाही. राग होता एका पानाचा. नव्या नियमांत कुठलंही अंतर कधीही मोजायला परवानगी होती. आधी टेप लावा, मग ठरवा. आकडा बोलायची गरजच उरली नाही.

रविवारी व्हरांड्यात बसून मतं घ्यायचं ठरलं. प्रस्ताव आठल्येचा. तो नेहमीच्या आवाजात, लहान मुलाला समजवावं तसं बोलला. "बघा, कौशल्य कमी होत नाहीये. ते फक्त नजरेकडून विचाराकडे जातंय. नजर चांगली असणं ही काही बुद्धी नाही ना, जाधवसाहेब?"

"आणि इंग्रजी पुस्तक पाठ करणं ही बुद्धी काय?"

"तसं नाही म्हणत मी."

"मग कसं म्हणता? तीन वर्षं हरलात म्हणून मैदान बदलताय, असं सरळ म्हणा की."

हात वर झाले. मी मोजले. नऊ. आठल्ये धरून. मी कर्नलसाहेबांकडे पाहिलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला, जरा चाचपत, बशीला लागून आवाज झाला, आणि हात वर केला.

दहा.

मी पेटी उचलली आणि निघालो. रस्ता बोनालूच्या मिरवणुकीनं तुंबला होता. मी भिजत, ढोलांमधून पेटी डोक्यावर घेऊन चाललो होतो, आणि बायांनी मला वाट दिली. त्यांना वाटलं असेल, माझ्याही डोक्यावर घटच आहे.

दहा-बारा दिवसांनी कर्नलसाहेब दुकानात आले. स्वतःची गाडी काढली नव्हती, ऑटोनं आले होते. बनातीला कसर लागली, नवी पाहिजे म्हणाले. मी उठलो नाही. दाराजवळ दोन तागे उभे होते, एक हिरवा, एक किरमिजी. त्यांनी किरमिजीवर हात फिरवला, उजेडाकडे तोंड केलं आणि विचारलं, "ये हरा हैच ना, मियाँ?"

आता माझा धंदा समजून घ्या. गिऱ्हाईक कधी मालाला ओळख दाखवत नाही. रेशमाला सूत म्हणतं, नव्याला जुनं म्हणतं, रंग उडालाय म्हणतं. तुम्ही चिडून बोलायला लागलात की भाव सुरू झाला. ही चाल मी दिवसातून वीसदा बघतो. मला वाटलं, म्हातारा समेटाला आलाय आणि सरळ बोलवत नाही म्हणून थट्टेनं सुरुवात करतोय. मला वाकवायला बघतोय. मी वाकणारा नव्हतो.

"टेप लगा के देख लो, साब," मी म्हणालो. "अब तो सब टेप से होता."

तागा तसाच हातात होता. "टेप से रंग नहीं मालूम होता, मियाँ," एवढंच बोलले. मी हिरवी बनात कापली, कागदात गुंडाळली, दिली. ऑटोपर्यंत सोडायला गेलो नाही. पायरीशी ते अडखळले. तेही मी पाहिलं आणि म्हातारपण म्हणून सोडून दिलं. ज्याला चालत्या माणसाचा खांदा इंचात दिसतो, त्यानं.

दोन वर्षांनी ते गेले. बंगल्यावर माणसं जमली होती. आठल्ये माझ्याजवळ येऊन उभा राहिला आणि खालच्या आवाजात सांगितलं. काचबिंदू होता. त्या मतदानाच्या आधी वर्षभरापासून टेबलाच्या पलीकडचं त्यांना दिसत नव्हतं. आकडा बोलायचे तो अंदाजानं, आणि दर वेळी चुकायचा. नवे नियम आणा, असं आठल्येला त्यांनीच सांगितलं होतं. टेप लावता आला तर बोटांनी चाचपून तरी खेळता येईल म्हणून. आणि बजावलं होतं, "जाधव को मत बोलना. मालूम हुआ तो वो मुझे जिताएगा."

मी तिथून निघून आलो. लोक म्हणतील, मग राग गेला असेल. नाही गेला. उलट वाढला. त्यानं मला सांगायला हवं होतं. एका म्हाताऱ्यानं शपथ घातली म्हणून दोन वर्षं फोनवर माझ्या शिव्या गप्प खाणारा माणूस मला भला वाटत नाही. असा माणूस समोरच्याला लहान करतो. मला भांडू दिलं त्यानं, चुकीच्या माणसाशी, चुकीच्या गोष्टीवर. आणि हो, मी त्यांना जिंकू दिलं असतं का? नसतं. कर्नलसाहेबांनी माझी फार मोठी किंमत केली. मी त्या आंधळ्या होत चाललेल्या माणसालाही एकवीस इंचांवरून उडवलं असतं आणि घरी येऊन सुमनला सांगितलं असतं. ही गोष्ट मला आषाढात झोपेतून उठवते.

त्या मतदानापासून पेटी माळ्यावरच. पण खेळणं सुटलं तरी तोलणं सुटत नाही. दर आषाढात, समोर लाल फलक चढला की मी रिकाम्या दुकानात बसून मनातल्या मनात तीन तागे उलगडतो.

एक, जुने नियम. माल सगळ्यांत चांगला, हाताला भरीव. पण गिऱ्हाईक नाही. या शहरात आता जुन्या पुस्तकानं खेळणारा मी एकटा, आणि माझ्याशी मी कितीदा जिंकू?

दुसरा, हल्ली पोरं खेळतात तो छोटा खेळ. दहा-बारा शिपाई, दोन फुटांचं टेबल, चहा निवायच्या आत निकाल. त्यात आकडा बोलायचा असतो, हे खरं. पण वीतभर अंतर कुणालाही दिसतं. हातरुमाल मापायला मी वीस वर्षं शिव्या खाल्ल्या नाहीत.

तिसरा, नवे नियम. स्पर्धा तिथं, माणसं तिथं. बंगळूरहून, चेन्नईहून येतात आता. मी ते पुस्तक वाचलंय, कोणाला न सांगता, दोनदा. तोफा त्यात स्वस्तात मरतात, घोडदळ भारी पडतं. माझ्या फौजेत अर्ध्या तोफा. म्हणजे ऐन दमट दिवसांत नवे घोडे रंगवायचे, आणि खेळायचा असा खेळ, ज्यात माझं जे माझं आहे त्याला काडीची किंमत नाही. समोरच्या तीन मजली दुकानात नोकरी धरल्यासारखं.

गेली दोन वर्षं आठल्येचा फोन आला की मी तिन्ही तागे गुंडाळून ठेवायचो आणि "दुकान आहे" म्हणायचो.

या आषाढात तो स्वतः आला. केस पिकलेत त्याचे. दुकानात मी आणि तो, बाकी कोणी नाही.

"बनात हवी होती. कर्नलसाहेबांच्याच टेबलाला. जुनी पार विरली. पुढच्या रविवारी स्पर्धा आहे."

"किती?"

"सहा बाय चार. हिरवीच." मग म्हणाला, "तुम्हीही या की, जाधवसाहेब. किती वर्षं झाली."

मी गप्प बसलो. सौद्यात गप्प बसणं ही अर्धी जीत असते. पुण्याच्या माणसाला शांतता सोसत नाही. तो बोलत सुटला. "हवं तर तुमच्या टेबलापुरते आपण जुने नियम ठेवू. समोरच्याला मी समजावतो. सगळे तयार होतील."

"माझ्यापुरतं नक्को," मी म्हणालो. "सूट लावायला मी काय आषाढ सेल आहे?"

"मग?"

"नवे नियम. सगळे. टेप हवा तेव्हा, हवा तितका, समोरच्यानं लावावा. मी हात लावणार नाही. पण टेप लागायच्या आधी मी आकडा बोलणार. त्यावर काही ठरणार नाही. पण बोलणार."

त्यानं विचार केला. "त्यानं तुमचा काय फायदा?"

"काही नाही."

"आणि चुकलात तर?"

माझा चष्म्याचा नंबर गेल्या वर्षात दोनदा बदललाय. हे त्याला माहीत असायचं कारण नव्हतं. मी उठलो, हिरवा तागा ओढला, फळीवर उलगडला. हात पसरला. ती जागा डोळ्यांनी धरली, पूर्वी धरायचो तशी, आणि कात्री चालवली. लोकरीचा तो जाड, कोरडा आवाज. मग तुकडा त्याच्यापुढे सरकवला.

"टेप लगा के देख लो," मी म्हणालो.

त्याच्याही खिशात टेप असतोच. कर्नलसाहेबांची सवय. त्यानं तो काढला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लावला, परत एकदा लावला. मग माझ्याकडे न बघता, अगदी हळू म्हणाला, "इंचभर कमी आहे."

"मोठ्यानं," मी म्हणालो.

"अहो, असू दे. टेबलाच्या कडेला दिसणारही नाही."

"मोठ्यानं बोला, आठल्ये. रविवारी बोलायचंय तसं."

तो बोलला. शेजारच्या दुकानातला गादीवर लवंडलेला माणूस मान उचलून बघायला लागला. मी तो तुकडा बाजूला टाकला, टेप आठल्येच्याच हातात राहू दिला, आणि ताग्याचं टोक पुन्हा ओढलं.